सभागृहातील शब्द आणि रुग्णालयातील खाट

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील रुग्णसेवेचा अहवाल आणि ताळेबंद आपणांसमोर ठेवण्यात आला आहे. तोच तपशील पुन्हा वाचून दाखवण्यात आम्ही आपला वेळ घेणार नाही. दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे रुग्णसेवेशी निगडित अशा एखाद्या विषयावर चार विचार मांडावेत, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. त्यानुसार या वर्षी आम्ही थोडा वेगळा विषय निवडला आहे. तो म्हणजे विधिमंडळांत आरोग्य आणि सार्वजनिक सेवा यांविषयी झालेल्या चर्चा आणि त्यांचा आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाशी असलेला संबंध.

हा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. सभागृहात कोण काय बोलले याच्याशी शस्त्रक्रियागृहाचा किंवा बाह्यरुग्ण विभागाचा काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु कोणत्याही धर्मादाय रुग्णालयात प्रवेश केल्यावर काय दिसते ते पाहावे. सोनोग्राफी कक्षाबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा फलक असतो. दर्शनी भागात निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव खाटांची माहिती असते. आस्थापना विभागातील हजेरीपटावर एखाद्या परिचारिकेच्या नावापुढे प्रसूती रजेची नोंद असते. या तिन्ही गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कोठून आल्या याचा विचार आपण करीत नाही. या प्रत्येकीच्या मुळाशी कोणीतरी सभागृहात उभे राहून केलेली मागणी आहे. ती मागणी सहजासहजी मान्य झालेली नाही आणि मान्य झाल्यावरही ती सहजासहजी अमलात आलेली नाही.

आरोग्य हा प्रांताचा विषय कसा झाला

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतिक कारभाराची दोन भागांत विभागणी केली. पोलीस, न्याय, जमीन महसूल ही खाती राखीव राहिली. तर शिक्षण, स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती विधिमंडळाला जबाबदार असलेल्या भारतीय मंत्र्यांकडे ‘सोपीव’ म्हणून आली. ज्या खात्यांत खर्च अधिक आणि पैसा कमी, ती खाती हिंदी मंत्र्यांच्या पदरात टाकली, अशी टीका त्या वेळी झाली आणि ती निराधार नव्हती. मात्र त्यामुळे एक गोष्ट घडली. दवाखाने, पाणी, प्रसूती, देवीची लस यांविषयी प्रश्न विचारण्याचा आणि ठराव मांडण्याचा मार्ग लोकप्रतिनिधींना खुला झाला. स्वतंत्र भारताच्या संविधानानेही सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ठेवले. म्हणूनच रुग्णसेवेविषयीच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर दिल्लीत शोधण्याआधी मुंबई-नागपूरच्या सभागृहांत शोधावे लागते.

कोल्हापूरचा हुकूम आणि मुंबईचा ठराव

आपण कोल्हापूरकर या इतिहासात एका वेगळ्या वाटेने आलो. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोपर्यंत मुंबई कौन्सिलचे कायदे आपल्याला थेट लागू नव्हते. येथे दरबारचा हुकूम चाले. सुदैवाने हा दरबार राजर्षी शाहू महाराजांचा होता. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि सरकारी दवाखाने यांत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असे हुकूम काढले. दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रुग्णाला इतरांप्रमाणेच वागविले पाहिजे आणि ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, इतकी स्पष्टता त्या आदेशांत होती. पुढील वर्षी, मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जाहीर स्वागत केले, हे सर्वज्ञात आहे.

मुंबई इलाख्यात हीच गोष्ट ठरावाच्या मार्गाने करावी लागली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलमध्ये ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा आणि धर्मशाळांचा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गाला करू द्यावा, असा त्याचा आशय होता. बोले ठराव म्हटला की आपल्याला महाडचे चवदार तळे आठवते. परंतु त्या ठरावात ‘दवाखाने’ हा शब्दही होता, याचे स्मरण रुग्णालय चालविणाऱ्यांनी विशेष ठेवले पाहिजे. सार्वजनिक पैसा जेथे लागला आहे तेथे सर्व जनतेचा हक्क आहे, हे तत्त्व त्या एका वाक्यात आले होते.

ठराव मंजूर झाला. सरकारने संबंधित खात्यांना व स्थानिक संस्थांना तसे कळविले. पुढे काय झाले? बहुतेक ठिकाणी काहीच झाले नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु प्रत्यक्ष पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. दरम्यान १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड मूळ ठराव अमलात आणणार नाही तिचे अनुदान सरकारने रोखावे, अशी त्यात मागणी होती. पहिल्या ठरावाने तत्त्व सांगितले, दुसऱ्याने त्या तत्त्वाला पैशाची जोड दिली. सभागृहातील अनुभवी सदस्याचे हे लक्षण आहे. एकदा बोलून तो थांबत नाही. आपण मंजूर करून घेतलेल्या शब्दाचे काय झाले हे विचारण्यासाठी तो पुन्हा उभा राहतो.

राजाचा हुकूम वेगाने चालतो, पण तो राजाच्या इच्छेवर टिकतो. सभागृहाचा ठराव रखडत चालतो, पण तो एकदा कायद्यात उतरला की माणूस बदलल्यावरही शिल्लक राहतो. कोल्हापूरने पहिल्या प्रकाराचा लाभ घेतला आणि १९४९ नंतर दुसऱ्याचाही. या दोन्ही परंपरांचे आपण वारसदार आहोत.

आईच्या विश्रांतीचा खर्च कोणी सोसावा

१९२७ पासून डॉ. आंबेडकर मुंबई कौन्सिलचे नामनियुक्त सदस्य होते. २८ जुलै १९२८ रोजी कारखान्यांतील स्त्री कामगारांना प्रसूतीकाळात आर्थिक लाभ देण्याविषयीच्या विधेयकावर त्यांनी भाषण केले. ते भाषण आजही वाचण्यासारखे आहे. त्यात करुणेचे आवाहन नाही, हिशेब आहे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे केवळ त्या स्त्रीच्या नव्हे तर राष्ट्राच्या हिताचे आहे. लोकांच्या कल्याणाचे रक्षण हे मूलतः सरकारचे कर्तव्य असल्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलत नाही म्हणून मालक जबाबदारीतून मुक्त होतो, हे त्यांना मान्य नव्हते. कारखानदार काही कामांवर पुरुषांऐवजी स्त्रिया नेमतो, कारण त्यात त्याचा अधिक फायदा असतो. ज्याने हा फायदा घेतला त्याने त्या स्त्रीच्या प्रसूतीकाळातील खर्चाचा काही भाग सोसणे न्याय्य आहे.

या विधेयकातून १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातील या स्वरूपाचा तो पहिला कायदा. पुढे १९६१ साली केंद्राचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजेची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. आपल्या रुग्णालयाचा कणा असलेल्या परिचारिका जेव्हा अशी रजा घेतात, तेव्हा पाळ्यांचे वेळापत्रक जमविताना प्रशासनाची ओढाताण होते, हे आम्ही जाणतो. पण ती सवलत नाही, नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी युक्तिवादाने मिळविलेला हक्क आहे. जी संस्था दुसऱ्यांच्या प्रसूती सुखरूप करते, तिने आपल्या कर्मचाऱ्याच्या प्रसूतीकडे अडचण म्हणून पाहणे शोभणारे नाही.

हरलेले ठराव

सभागृहात जिंकलेल्या ठरावांइतकेच हरलेले ठरावही अभ्यासण्यासारखे असतात. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रसार करावा आणि त्यासाठी सोयी उपलब्ध कराव्यात, असा अशासकीय ठराव मांडला. हे भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केले होते. त्या दिवशी ते स्वतः उपस्थित राहू शकले नाहीत. ठराव मोठ्या मतांनी फेटाळला गेला. र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत याच विषयाचे काम करीत होते आणि त्याबद्दल खटल्यांना तोंड देत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या वातावरणाची कल्पना येते. पुढे १९५२ साली भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा अधिकृत कार्यक्रम सुरू केला. असा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. चौदा वर्षांपूर्वी सभागृहाने जे नाकारले तेच राज्याचे धोरण झाले.

असेच चित्र दूरच्या आयर्लंडमध्येही दिसते. आयर्लंडचा उल्लेख येथे सहज म्हणून केलेला नाही. आपल्या संविधानातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आणि राज्यसभेवर साहित्य, शास्त्र, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांची नियुक्ती करण्याची पद्धत आपण आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाच्या धर्तीवर घेतली. लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानणारा अनुच्छेद ४७ याच मार्गदर्शक तत्त्वांपैकी एक आहे. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सेनेटमध्ये, काही जागा क्षेत्रवार नामिकांतून भरल्या जातात. त्यांतील एक नामिका सार्वजनिक प्रशासन व समाजसेवा यांसाठी असून तीत स्वेच्छेने केलेल्या समाजकार्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. धर्मादाय संस्था चालविणाऱ्याच्या अनुभवाला कायदा करणाऱ्या सभागृहात स्थान असावे, हा विचार त्यामागे आहे.

या देशात १९५१ साली आरोग्यमंत्री डॉ. नोएल ब्राउन यांनी माता आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत उपचार देणारी योजना आणली. धर्मसंस्थेने आणि वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनेने विरोध केला, सहकारी मंत्र्यांनी पाठ फिरविली, डॉ. ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. स्वतःच्या घरात क्षयाने झालेले मृत्यू पाहिलेला आणि क्षयरोग्यांसाठी खाटा उभारणारा हा डॉक्टर पुढे १९७३ ते १९७७ या काळात सेनेटचा सदस्य होता. १९७१ साली त्याच सेनेटमध्ये मेरी रॉबिन्सन यांनी दोन सहकाऱ्यांसह संततिनियमनाच्या साधनांवरील बंदी सैल करणारे विधेयक आणले, तेव्हा सभागृहाने ते पहिल्या वाचनालाही घेतले नाही. १९७९ साली मर्यादित स्वरूपात का होईना, तसा कायदा करावा लागला आणि १९९० मध्ये रॉबिन्सन त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. सभागृहात हरलेला मुद्दा नोंदीत राहतो आणि वेळ आली की तोच पुढे येतो.

आपल्याकडेही मद्रास कौन्सिलच्या उपाध्यक्षपदी निवडल्या गेलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी देवदासी प्रथेविरुद्ध सभागृहात लढा दिला आणि १९५४ साली अड्यार येथे कर्करोग रुग्णालय उभारले. डॉक्टर, लोकप्रतिनिधी आणि रुग्णालयाची संस्थापक या तीन भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र आल्याचे हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे.

गर्भलिंग निदान : विधेयकापासून सोनोग्राफी कक्षापर्यंत

आता आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या आणि काहीशा लाजेच्याही विषयाकडे येऊ. ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षेचा वापर गर्भाचे लिंग जाणून मुलीचा गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. मुंबईतील स्त्री संघटना आणि काही डॉक्टर यांनी १९८५ पासून त्याविरुद्ध आवाज उठविला. शासनाने मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करवून घेतली तेव्हा मुलाखत दिलेल्यांपैकी ८४ टक्के डॉक्टर ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. १९८६ साली विधानसभेत विरोधी बाकांवरील सदस्य मृणालताई गोरे यांनी या विषयावर अशासकीय विधेयक आणले.

अशासकीय विधेयक म्हणजे काय, हे सभासदांना थोडक्यात सांगितले पाहिजे. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले हे विधेयक क्वचितच मंजूर होते. त्याचा खरा उपयोग वेगळा असतो. त्यामुळे सरकारला त्या विषयावर भूमिका घेणे भाग पडते. येथेही तसेच झाले. सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला गर्भलिंग निदानविरोधी कायदा केला. सहा वर्षांनी, १९९४ मध्ये, संसदेने देशभरासाठी कायदा केला. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

कायद्यात त्रुटी होत्या. महाराष्ट्राचा कायदा राज्याच्या हद्दीपुरता होता आणि कोल्हापूरहून कागल ओलांडले की कर्नाटक सुरू होते, हे येथे कोणाला सांगायला नको. केंद्राचा कायदा आल्यावरही तो कागदावरच राहिला, म्हणून ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफी यंत्रांवर व गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीवर कडक नियंत्रण आले.

या काळात आपल्या जिल्ह्याचे आकडे काय सांगत होते? २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. राज्याची सरासरी ९१३ होती. ऊस, दूध आणि सहकाराने समृद्ध झालेला, शाहू महाराजांचे नाव सांगणारा जिल्हा या एका बाबतीत राज्याच्या खूप मागे होता. सुबत्ता आली की मुलीला जागा मिळते, ही समजूत येथे खोटी ठरली. यंत्र विकत घेण्याची आणि तपासणीचे पैसे देण्याची ऐपत आली, एवढेच. त्यानंतर जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण सोनोग्राफी यंत्रांना बसविण्याचा प्रयोग कोल्हापुरात झाला. प्रत्येक तपासणीची नोंद त्यात साठत असे आणि ती ‘एफ’ नमुन्यातील अर्जाशी ताडून पाहता येत असे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८६३ झाला. त्याच दशकात राज्याची सरासरी मात्र ८९४ वर घसरली. सुधारणा झाली, हे खरे. समाधान मानावे अशी ती नव्हती, हेही तितकेच खरे.

आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ‘एफ’ नमुन्यातील एखादा रकाना रिकामा राहिला तरी प्रामाणिक डॉक्टरला गुन्हेगाराप्रमाणे वागविले जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. लेखनातील चूक आणि लिंगनिदानाचा गुन्हा यांत कायद्याच्या अंमलबजावणीने फरक केला पाहिजे आणि हा मुद्दाही सभागृहात मांडला गेला पाहिजे. परंतु त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की हा गुन्हा डॉक्टर, नातेवाईक आणि यंत्र यांच्या बंद खोलीत होतो. ज्या गर्भावर अन्याय होतो त्याला फिर्याद देता येत नाही. तेथे लेखी नोंद हाच एकमेव साक्षीदार उरतो. म्हणून तो रकाना भरणे ही कारकुनी नाही.

राखीव खाट : आपल्या दाराशी आलेला कायदा

आता आपल्या संस्थेला सर्वाधिक जवळच्या कायद्याविषयी. आपल्यासारखी रुग्णालये १९५० च्या मुंबई, म्हणजे आताच्या महाराष्ट्र, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असतात. धर्मादाय संस्थेला करात सवलत मिळते, काहींना शासकीय जमीन किंवा वाढीव बांधकामाची परवानगी मिळते, देणगीदाराला आयकरात सूट मिळते. हा सारा सार्वजनिक पैसाच आहे. फक्त तो तिजोरीत जाण्याऐवजी आपल्याकडे राहतो. मग त्या बदल्यात जनतेला काय मिळते, हा प्रश्न विधिमंडळाने विचारला आणि १९८५ साली या अधिनियमात कलम ४१ कक घातले. त्यानुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. बोले यांच्या ठरावातील तत्त्वाशी याचे नाते उघड आहे. जेथे सार्वजनिक पैसा, तेथे जनतेचा हक्क.

आणि बोले यांच्या ठरावाचे जे झाले तेच याही कलमाचे झाले. सुमारे वीस वर्षे ते बहुतांशी पुस्तकात राहिले. शेवटी जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये सविस्तर योजना मंजूर केली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. प्रत्येक रुग्णालयाने एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत स्वतंत्रपणे जमा करावी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड पाहून वैद्यकीय समाजसेवकाने रुग्णाची पात्रता ठरवावी. तातडीच्या अवस्थेत आलेल्या रुग्णाला आधी दाखल करून प्राण वाचविणारे उपचार द्यावेत आणि त्यासाठी अनामत रकमेची मागणी करू नये, ही त्या योजनेची मुख्य सूत्रे. उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आल्या आहेत.

योजनेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की दोन टक्के निधी अपुरा पडतो. एखादा अतिदक्षता विभागातील रुग्ण किंवा भाजलेला रुग्ण आला की महिन्याचा निधी संपतो. हा आक्षेप खोटा नाही. छोट्या रुग्णालयाचे एकूण उत्पन्नच कमी, त्यामुळे त्याचा निधीही लहान. आणि खेड्यापाड्यांतून येणारा निर्धन रुग्ण मात्र तेवढाच गंभीर. दुसरा आक्षेप असा की खरे गरजू बाजूला राहतात आणि वशिल्याचे लोक दाखले घेऊन येतात. हेही काही वेळा घडते. परंतु या दोन्ही आक्षेपांचे उत्तर खाट रिकामी ठेवण्यात नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली जे सांगितले तेच येथे लागू पडते. मोठा वाटा सरकारने उचलावा, हे म्हणणे रास्त आहे. पण सरकारने तो उचलला नाही म्हणून आपण आपल्या वाट्यातून मोकळे होत नाही. ज्याने सवलतीचा फायदा घेतला त्याने भारातील आपला हिस्सा सोसलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हाला मोकळेपणाने सांगायची आहे. राखीव खाट बहुधा नकाराने रिकामी राहत नाही, अज्ञानाने राहते. शाहूवाडीच्या किंवा गगनबावड्याच्या वाडीवरून रुग्णाला घेऊन आलेल्या बाईला अशी खाट असते हेच ठाऊक नसते. ती काउंटरवर ‘किती भरावे लागतील?’ एवढेच विचारते. त्या प्रश्नाला आकडा सांगून उत्तर देणारा कर्मचारी कोणताही नियम मोडत नाही. पण १९८५ च्या सभागृहाने तिच्यासाठी जे ठरविले ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सभागृहातील शब्दाचा प्रवास मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत चारशे किलोमीटर होतो आणि शेवटच्या चार हातांवर, काउंटरच्या त्या फळीपाशी, थांबतो.

प्रतिनिधी आणि आपण

कोल्हापूरला सभागृहात बोलणाऱ्या माणसांची परंपरा आहे. प्रा. एन. डी. पाटील अठरा वर्षे विधान परिषदेचे आणि नंतर पाच वर्षे विधानसभेचे सदस्य होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे हे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यात १९६५ साली त्यांनी करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७२ च्या दुष्काळात तिने असंख्य कुटुंबांना तगविले. मागेल त्याला काम हा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे हाच अनुभव होता. भुकेला औषध लागू पडत नाही, हे जाणणाऱ्या कोणालाही हा आरोग्याचाच कायदा वाटेल.

लोकप्रतिनिधींच्या हाती आजही अनेक साधने आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते. लक्षवेधी सूचनेने तातडीचा विषय पुढे आणता येतो. कपात सूचनेने आरोग्य खात्याच्या मागणीवर बोलता येते. लोकलेखा समितीत खर्चाचा हिशेब मागता येतो. परंतु ही साधने वापरण्यासाठी माहिती लागते आणि आरोग्याविषयीची सर्वांत खरी माहिती रुग्णालयांकडे असते. कोणत्या तालुक्यातून सर्पदंशाचे रुग्ण उशिरा येतात, कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून प्रसूतीसाठी स्त्रिया विनाकारण पुढे पाठविल्या जातात, निर्धन रुग्ण निधी कोणत्या महिन्यात संपतो, हे आपल्या नोंदवह्या सांगतात. ती माहिती आपल्या कपाटात राहिली तर सभागृहात केवळ भावनेची भाषणे होतात.

यासाठी विश्वस्त मंडळाने येत्या वर्षी चार गोष्टी करण्याचे ठरविले आहे. पहिली, राखीव खाटांची त्या दिवशीची स्थिती प्रवेशद्वाराशी मराठीत, मोठ्या अक्षरांत, रोज लिहिली जाईल. दुसरी, नोंदणी काउंटरवरील प्रत्येक कर्मचारी रुग्णाने न विचारताही योजनेची माहिती सांगेल आणि वैद्यकीय समाजसेवकाकडे पाठवील. तिसरी, निर्धन रुग्ण निधीचा जमाखर्च वार्षिक अहवालात स्वतंत्र पानावर छापला जाईल. चौथी, वर्षातून दोनदा, अधिवेशनापूर्वी, रुग्णांची नावे व ओळख पूर्ण गुप्त ठेवून आपल्या नोंदींचा गोषवारा जिल्ह्यातील सर्व पक्षांच्या आमदारांना, तसेच आपल्या विभागातील पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या प्रतिनिधींना पाठविला जाईल. त्यात मागणी एकाच पक्षाची किंवा एकाच संस्थेची नसेल.

बोले यांनी तीन वर्षांनी पुन्हा उभे राहून विचारले होते की आम्ही केलेल्या ठरावाचे काय झाले. आपल्या सभासदांनीही पुढील वार्षिक सभेत उभे राहून हाच प्रश्न आम्हाला विचारावा. तो प्रश्न विचारला जाणार आहे, हे माहीत असलेली संस्था अधिक जागरूक राहते. देणगीदारांचा पैसा, कर्मचाऱ्यांचे कष्ट आणि कायद्याने दिलेली सवलत या तिन्हींचे ऋण फेडण्याचा आम्हाला तरी याहून सरळ मार्ग दिसत नाही.